नव्या भूमीचे पहिले रहिवासी

समुद्राला मागे सारून भूमी मिळवणे हा मानवी पराक्रमाचा एक मानदंड समजला जातो. किती किलोमीटरचा बंधारा घातला, किती हेक्टर जमीन वर आली, किती कोटी खर्च झाले आणि त्या जमिनीचे मोल आता किती झाले, याचे हिशेब तपशीलवार ठेवले जातात. त्यांतले काही उद्घाटनाच्या कोनशिलेवरही कोरले जातात. परंतु त्याच जमिनीवर माणसाच्या आधी कोण येऊन राहिले, कोण टिकले आणि कोण नाहीसे झाले, याचा हिशेब ठेवण्याची गरज फार थोड्या ठिकाणी वाटली. हा दुसरा हिशेब भुंगेरे, कोळी, गांडुळे, मुंग्या अशा भुईवर आणि भुईत राहणाऱ्या जीवांचा असल्यामुळे तो क्षुद्र भासतो. तो क्षुद्र नाही, इतकेच नव्हे तर तो सुरू करण्याची संधी प्रत्येक भूमीच्या आयुष्यात एकदाच येते, ही गोष्ट नेदरलँड्सच्या अनुभवाने पुरेशी स्पष्ट केली आहे.

त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि पाण्याशी झगडा हाच तेथील इतिहासाचा कणा आहे. झाउदरझे या समुद्राच्या आत शिरलेल्या शाखेवर बत्तीस किलोमीटर लांबीचा बंधारा १९३२ साली पुरा झाला. आत कोंडलेले पाणी गोडे होऊन त्याचे सरोवर बनले आणि त्या सरोवराचे एकेक भाग कोरडे करून नवी जमीन काढण्यात आली. या जमिनीला तिकडे 'पोल्डर' म्हणतात. ईशान्येकडील पोल्डर १९४२ साली कोरडा झाला. पूर्व फ्लेवोलँड १९५७ साली आणि दक्षिण फ्लेवोलँड १९६८ साली पाण्यातून वर आले. मधल्या काळात, १९५३ च्या फेब्रुवारीत, उत्तर समुद्राच्या पुराने त्या देशात अठराशेहून अधिक माणसे बळी घेतली. त्यानंतर किनाऱ्याची उघडी रेषा शक्य तेथे आखूड करावी, या धोरणाला गती मिळाली. उत्तरेकडे ग्रोनिंगेन आणि फ्रीसलँड या दोन प्रांतांच्या मध्ये लाउवर्सझे नावाचे समुद्राचे एक आखात होते. २५ मे १९६९ रोजी त्याचे तोंड बंद करण्यात आले आणि सुमारे नऊ हजार हेक्टरांचा प्रदेश भरती-ओहोटीच्या कक्षेबाहेर पडला.

अभियंत्यांचे काम येथे संपले. निसर्गाच्या अभ्यासकांचे काम येथूनच सुरू झाले. ग्रोनिंगेन विद्यापीठातील यान मेयर यांनी या नव्या, जवळजवळ उघड्या चिखलवाळूवर येणाऱ्या भुंगेऱ्यांची आणि कोळ्यांची नोंद पद्धतशीरपणे ठेवली. त्यांचा भुंगेऱ्यांवरील तुलनात्मक अभ्यास १९७४ साली आणि कोळ्यांवरील अभ्यास १९७७ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासाची साधने अगदी साधी असतात. काठ जमिनीच्या पातळीत राहील अशा बेताने एक पेला मातीत पुरतात, त्यात जीव कुजू नयेत म्हणून थोडा द्राव ठेवतात आणि वर पावसापासून आडोसा करतात. भुईवरून चालणारा जीव त्यात पडतो. ठराविक दिवसांनी पेला रिकामा करून आत सापडलेला प्रत्येक जीव ओळखायचा, मोजायचा आणि वहीत उतरवायचा. उडत येणाऱ्यांसाठी उभी काच लावून तिच्या तळाशी पन्हळ ठेवतात. काचेवर आदळलेला कीटक खाली पडतो. या साधनांना ना मोठा खर्च लागतो, ना मोठी यंत्रसामग्री. लागते ती चिकाटी, आणि एका जातीचा भुंगेरा दुसरीपासून वेगळा ओळखणारी नजर.

अशा चिकाटीतून जे हाती आले ते उद्बोधक आहे. नवी भूमी उघडी पडताच तिच्यावर आकाशमार्गे वसाहत सुरू होते. भुईवर धावण्यासाठी ओळखले जाणारे भुंगेरे येथे प्रामुख्याने उडत आले. कोळ्यांना पंख नसतात; परंतु लहान कोळी उंचवट्यावर चढून रेशमाचा धागा हवेत सोडतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन पडतात. पहिल्या काळात वर्चस्व होते ते खाऱ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या जातींचे, कारण माती मिठाने भरलेली होती. पुढे पावसाने उंच, वाळूमिश्र भागांतील मीठ धुऊन नेले. सखल, चिकणमातीच्या भागांत ते अधिक काळ टिकले. मिठाबरोबर मीठप्रिय जीवही ओसरले आणि गोड्या, ओलसर, गवताळ जमिनीतले जीव त्यांच्या जागी आले. मातीच्या रासायनिक परीक्षणाने जो बदल आकड्यांत सांगितला असता, तोच पेल्यात पडलेल्या भुंगेऱ्यांच्या यादीने जिवंत भाषेत सांगितला.

या नोंदींनी पाठ्यपुस्तकातील एका सोप्या समजुतीलाही धक्का दिला. प्रथम वनस्पती येतात, मग त्या खाणारे जीव, आणि शेवटी त्या जीवांना खाणारे शिकारी, असा क्रम शिकवला जातो आणि तो तर्काला पटतोही. प्रत्यक्षात नव्या भूमीवर कोळी आणि शिकारी भुंगेरे फार लवकर हजर होतात. हिमनदी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या खडकाळ पट्ट्यांवर हेच दिसले आहे. १८८३ च्या स्फोटात क्राकाटाऊ बेट भाजून निघाले, त्यानंतर पुढल्याच वर्षी तेथे गेलेल्या फ्रेंच शोधपथकाला जिवंत सापडला तो एक इवलासा कोळी. हिरवे पानही नसलेल्या ठिकाणी हे शिकारी जगतात कशावर, याचे उत्तर वाऱ्यात आणि पाण्यात आहे. चिलटे, माश्या, मेलेले किडे, किनाऱ्यावर लागलेला केरकचरा असे बाहेरून वाहत येणारे अन्न त्यांना पुरते. म्हणजे नवी भूमी सुरुवातीला स्वतःच्या नव्हे, तर शेजाऱ्यांच्या संपत्तीवर जगते. शेजार दरिद्री असेल तर नवी भूमीही दरिद्रीच राहणार, हा त्यातून निघणारा निष्कर्ष नियोजनकारांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आणखी एक गोष्ट पंखांची. भुईभुंगेऱ्यांच्या काही जातींत एकाच जातीचे काही जीव लांब पंखांचे, उडू शकणारे असतात, तर काही आखूड पंखांचे आणि जमिनीला खिळलेले असतात. नव्या पोल्डरमध्ये लांब पंखांच्या जिवांचे प्रमाण मोठे आढळते, कारण तेच तेथवर पोहोचू शकतात. जुन्या, स्थिर आणि एकाकी अधिवासांत आखूड पंखांचे प्रमाण वाढलेले दिसते. जे उडून जातात त्यांची संतती त्या जागेला मिळत नाही, जे राहतात त्यांचीच मिळते, आणि पिढ्यांमागून पिढ्या पंख मागे पडत जातात. द्रेंथे प्रांतातील वाइस्टर येथे १९५९ पासून भुंगेऱ्यांची अखंड मोजणी करणारे पी. जे. देन बूर यांनी या निरीक्षणांतून एक महत्त्वाचा विचार मांडला. कोणत्याही एका जागची वस्ती कायमची नसते. ती आज ना उद्या नष्ट होते. जात टिकते ती अनेक वस्त्यांत धोका वाटला गेल्यामुळे आणि नष्ट झालेल्या जागी कोणी तरी पुन्हा येऊन वस्ती करते म्हणून. मग मधे रस्ते, कालवे आणि एकसुरी शेते पसरली की ज्यांना उडता येत नाही त्यांचा परतीचा मार्ग बंद होतो. पोल्डरमध्ये कोण आले याच्या यादीइतकीच, शेजारी असूनही कोण येऊ शकले नाही याची यादी म्हणूनच बोलकी ठरते. उद्या तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या रानांत कोण नामशेष होणार, याची ती पूर्वसूचना असते.

हे सारे ज्ञान शास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरते आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी गांडुळांचे उदाहरण पुरेसे आहे. समुद्राच्या तळातून वर आलेल्या जमिनीत गांडुळे नसतात. त्यांना पंख नाहीत, धागा नाही. ती मातीतून वर्षाकाठी जेमतेम काही मीटर पुढे सरकतात. फ्लेवोलँडच्या नव्या कुरणांत गवत उत्तम वाढले, पण मेलेली पाने आणि मुळे मातीत मिसळणारे कोणी नव्हते. पृष्ठभागावर त्यांची जाड, न कुजलेली गादी साचत गेली. तेथील कृषिसंशोधकांनी काही कुरणांत आणि फळबागांत गांडुळे मुद्दाम आणून सोडली आणि त्यांचा प्रसार वर्षानुवर्षे मोजला. जेथवर गांडुळे पोहोचली तेथवर ती गादी नाहीशी झाली, सेंद्रिय द्रव्य मातीत उतरले आणि पाणी जमिनीत मुरणे सुधारले. जेथे ती पोहोचली नव्हती तेथे जमीन तशीच राहिली. या अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. कोट्यवधी खर्चून मिळवलेल्या भूमीची सुपीकता एका बिनमोलाच्या जिवाच्या हजेरीवर अवलंबून असावी, ही गोष्ट मोजणी झाली नसती तर कळली नसती. कुरण कमी पिकते, एवढेच कळले असते.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. चारदोन वर्षे नोंदी घेऊन हे कळत असेल तर दशकानुदशके पेले पुरत बसण्याचे कारण काय? याचे उत्तर या पद्धतीच्या मर्यादेतच दडलेले आहे. पेल्यात पडणाऱ्या जिवांची संख्या ही त्यांच्या खऱ्या संख्येबरोबर त्यांच्या हालचालीवरही अवलंबून असते. ऊबदार आठवड्यात भुंगेरे जास्त धावतात म्हणून जास्त सापडतात. गवत दाट झाले की त्यांची चाल मंदावते आणि संख्या घटल्याचा भास होतो. एका वर्षाचा आकडा यामुळे फसवा असतो आणि दोन वर्षांची तुलना धोक्याची असते. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वीस-तीस वर्षे घेतलेल्या नोंदीच हवामानाची लहर आणि खरा बदल यांतला भेद दाखवू शकतात.

वाइस्टरच्या नोंदींनी हे निर्विवादपणे सिद्ध केले. देन बूर यांनी ही मोजणी सुरू केली ती वस्त्या कशा टिकतात हे समजून घेण्यासाठी; कीटकांच्या ऱ्हासाची चर्चा तेव्हा नव्हतीच. पुढे ते काम मोठ्या अंशी स्वयंसेवी अभ्यासकांच्या श्रमांवर चालू राहिले. जगभर कीटक कमी होत असल्याची चिंता व्यक्त होऊ लागली, तेव्हा पुरावा मागितला गेला आणि तो फार थोड्यांपाशी होता. वाइस्टर येथील अठ्ठेचाळीस पेल्यांतील नोंदी तपासल्या असता १९८५ ते २०१६ या काळात भुईभुंगेऱ्यांची संख्या वर्षाला सरासरी ४.३ टक्क्यांनी घटत गेल्याचे आढळले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने बरीच खळबळ उडवली. वर्षाला चार टक्क्यांची घट एखाद्या रानात हिंडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. तीन दशकांत मात्र ती चारांतले तीन जीव नाहीसे करते. ती दिसते ती केवळ वहीला. आणि जी वही १९८५ साली बंद झाली असती, ती २०१६ साली पुन्हा उघडून मागची पाने भरता आली नसती.

येथे प्रश्न विज्ञानाचा राहत नाही, संस्थांच्या स्वभावाचा होतो. संशोधनाला मिळणारे अनुदान बहुधा तीन वा पाच वर्षांचे असते. प्रबंध पुरा झाला की विद्यार्थी दुसरीकडे जातो आणि पेले मातीतच राहतात. नव्या शोधाला पारितोषिक मिळते, जुन्या नोंदीत एका वर्षाची भर घालणाऱ्याला ते मिळत नाही. प्रशासनाचीही गत तीच. बांधकामापूर्वी परिणामांचा अहवाल मागण्याची प्रथा रूढ झाली आहे, परंतु बांधकामानंतर दहाव्या आणि विसाव्या वर्षी प्रत्यक्षात काय झाले, हे विचारण्याची निकड कोणाला वाटत नाही. अहवालाने परवानगी मिळते. नोंदीने काही मिळत नाही, उलट एखादे अडचणीचे सत्य बाहेर येण्याचा संभव असतो.

महाराष्ट्राला आणि गोव्याला हा विषय परका मानता येणार नाही. मुंबई हे शहरच भरावावर उभे आहे. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून ते एकसंध झाले आणि बॅकबेचा भराव विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने होत राहिला. किनारी मार्गासाठी अलीकडे शंभर हेक्टरांहून अधिक समुद्र बुजवण्यात आला आणि त्यातील मोठा भाग बागा व मोकळ्या जागांसाठी राखल्याचे सांगितले जाते. कोकणात खाडीकाठी बांध घालून, उघाड्या बसवून खारजमिनी भाताखाली आणण्याची परंपरा जुनी आहे; त्यांच्या विकासासाठी १९७९ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. गोव्यातील खाजणे आणि त्यांचे 'मानस' तर शतकानुशतके भरतीचे पाणी अडवत आणि सोडत आले आहेत. खेकड्यांनी बांध पोखरला की खारे पाणी आत शिरते, हे तेथला शेतकरी कोणत्याही शास्त्रज्ञाच्या आधीपासून जाणतो. भुईत राहणारा जीव हा भूमीच्या भवितव्याचा भागीदार आहे, हे ज्ञान या किनाऱ्यावर आहेच. त्याची नोंद ठेवण्याची शिस्त मात्र अद्याप रुजायची आहे.

अर्थात डच पोल्डर आणि मुंबईचा भराव यांत एक मोठा फरक आहे. पोल्डर म्हणजे उघडा पडलेला समुद्रतळ. भराव म्हणजे बाहेरून आणून टाकलेला दगड, राडारोडा आणि माती. त्यामुळे येथे वसाहत केवळ वाऱ्यावर येत नाही, ट्रकमधूनही येते. आणलेल्या मातीबरोबर आणि रोपवाटिकेतल्या कुंड्यांबरोबर मुंग्या, गोगलगायी आणि त्यांची अंडी येतात. आफ्रिकेतून आलेली मोठी गोगलगाय पावसाळ्यात मुंबईच्या बागांत झाडांचा कसा फडशा पाडते, हे नागरिकांना ठाऊक आहे. ती रोपे आणि माती यांच्या वाहतुकीतूनच पसरते. असा उपद्रवी जीव पहिल्या वर्षी एका कोपऱ्यात सापडला तर तो तेथेच आवरता येतो. पाच वर्षांनी सापडला तर त्याच्याबरोबर राहण्याची सवय करावी लागते. मोजणी पहिल्या दिवसापासून हवी, याला येथे डच अनुभवाहूनही अधिक व्यवहारी कारण आहे.

हिरवळ लावली म्हणजे भूमी जिवंत झाली, असे मानण्याची प्रवृत्ती भरावाच्या संदर्भात विशेष बळावते. वरून गालिचासारखी दिसणारी हिरवळ खाली दाबून टणक झालेल्या, मिठाळ, निर्जीव थरावर पाणी आणि खत ओतून वर्षानुवर्षे तगवता येते. गांडूळ, वाळवी, भुंगेरा, वाणी यांची हजेरी तशी विकत आणता येत नाही. ती असेल तर माती घडत आहे. नसेल तर खर्च चालू आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या बागांविषयी नागरिकांना एवढे विचारण्याचा अधिकार निश्चितच आहे.

यासाठी करावयाच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. भरावाच्या वा खारबंदिस्तीच्या प्रत्येक मोठ्या योजनेच्या खर्चात एक अल्प रक्कम तीस वर्षांच्या मोजणीसाठी आरंभीच वेगळी काढून ठेवावी आणि तिचे व्याजच तेवढे खर्च करावे, म्हणजे अंदाजपत्रकातील दरसालच्या कात्रीपासून ती सुरक्षित राहील. मोजणीचे काम जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे आणि कोकणात कृषी विद्यापीठाकडे सोपवावे. विद्यार्थी बदलतील, जागा आणि पद्धत बदलता कामा नये. जमा झालेले नमुने टाकून न देता संग्रहालयात जपावेत, कारण आज न ओळखता आलेला जीव पुढली पिढी ओळखू शकेल. आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि १९१६ साली स्थापन झालेले भारतीय प्राणि सर्वेक्षण यांच्यासारख्या संस्था येथे आहेत. दीर्घकालीन परिसर-निरीक्षण केंद्रांचा कार्यक्रम केंद्र सरकारने २०१५ साली हाती घेतला. संस्थांची वानवा नाही. पहिल्या दिवशी कोणी तरी जमिनीत पेला पुरला पाहिजे आणि पुढल्या वर्षी त्याच जागी तो पुन्हा पुरण्याची जबाबदारी कोणावर तरी लेखी सोपवली पाहिजे, एवढीच आवश्यकता आहे.

समुद्राकडून घेतलेली जमीन ही शेवटी उसनवारी असते. बांध फुटला, समुद्राची पातळी वाढली, तर तो आपले परत मागतो. अशा भूमीवर किती इमारती उभ्या राहिल्या हे तिच्या मालकीचे दाखले सांगतील; ती भूमी झाली की नुसताच भराव राहिली, हे मात्र त्या मातीत चालणारे-सरपटणारे जीवच सांगू शकतील. त्यांची साक्ष मागाहून नोंदवता येत नाही. लाउवर्सझेचे तोंड बंद झाल्यावर तेथे कोणी पेले पुरले नसते, तर त्या भूमीचे पहिले वर्ष कायमचे अज्ञात राहिले असते. या किनाऱ्यावर असे कितीतरी पहिले दिवस नोंदीविना निघून गेले. पुढला भराव पडेल, तेव्हा तरी त्या दिवसाची नोंद एखाद्या वहीत असावी.